मागल्याची डहाळी

वत्सलेनं अकरा वर्षं कॉफीला तोंड लावलं नव्हतं. कुंभकोणमात राहून कॉफी न पिणारं माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेलं माणूस, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सारंगपाणीच्या देवळामागच्या त्यांच्या, पिढ्यान्पिढ्या तिथं राहिलेल्या मराठी घरांच्या गल्लीत तर दिवस उजाडायचा तोच डिकॉक्शनच्या, म्हणजे फिल्टरमधून ठिबकलेल्या काळ्या कॉफीच्या वासानं. घरी आलेले पाहुणे विचारायचे, "व्रत धरलंस होय?" ती म्हणायची, "व्रत नव्हे, राग." पाहुण्यांना ती थट्टा वाटायची आणि ते हसून आपला कॉफीचा टंबलर उचलायचे.

थट्टा अजिबात नव्हती. राग पद्मनाभावर होता. पद्मनाभ हा तिच्या लक्ष्मीदेवी आत्याचा मुलगा, आणि एकेकाळचा तिचा ठरलेला नवरा. आता त्याचं देवळाजवळ तीन मजली लॉज होतं, बोटांत अंगठ्या होत्या, आणि रस्त्यात दिसला की तो "कशी आहेस, वत्सला?" असं इतकं गोड विचारायचा की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सगळं सायकलींपायी झालं होतं.

कुंभकोणमचा मुलुख कसा, हातानं सारवलेल्या अंगणासारखा सपाट. चढ म्हणून जो काय तो कावेरीच्या पुलाचा. आणि रस्त्यांवर बसगाड्या अशा सुसाट, की सायकलवाल्यानं जीव मुठीत धरूनच निघावं. कृष्णमूर्तिमामा तेव्हा एका शाळेचे हेडमास्तर होते. ते तसे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांना सायकलचं भारी वेड. त्यांनीच कुठूनसा शोध लावला, की पच्चैमलै डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याचे मुरमाचे रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी आडवी साखळी आहे. लॉरी जात नाही, बस जात नाही. सायकल मात्र आडवी करून साखळीखालून सरकवली, की पुढचा सगळा मुलुख आपला. तांबडा मुरूम, दोन्ही बाजूंना तरवडाची पिवळी फुलं, उजव्या हाताला निळा डोंगर, आणि आवाज म्हणाल तर चाकांखाली खडे चुरडतात तेवढाच.

दर पोंगलच्या सुट्टीत मामांची मंडळी पहाटेच्या बसच्या टपावर सायकली बांधून तिकडे जायची. चार मराठी घरांतली, चार तमिळ. बाई माणूस एकच, वत्सला. ती मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायची, आणि चढावर भल्याभल्यांना मागं टाकायची. मुरमावर टायरमधली थोडी हवा सोडायची, उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वळणावरच्या सुट्या खड्यांत हँडल झटकायचं नाही, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून मामांनी तिला पुढली केलं होतं.

पुढली म्हणजे काय, तर रस्ता दाखवणारी. फाटा आला की जी वाट घ्यायची नाही तिच्यावर तिनं तरवडाची एक डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्यांनी डहाळी पाहायची आणि दुसऱ्या वाटेनं जायचं. सगळ्यांच्या शेवटी असायचा तो मागला. त्यानं कुणालाही मागं टाकायचं नाही. कुणी कितीही रखडला, कुणाची साखळी उतरली, तरी मागल्यानं त्याच्या मागंच राहायचं, आणि वाटेतल्या डहाळ्या उचलत यायचं. तळ्याच्या बांधावर एक चिंच होती, तिथं मामा आधी पोचून तीन दगडांवर दूध तापवायचे. डिकॉक्शन कुंभकोणमहून पितळी कूज्यात भरून नेलेलं असायचं. मागला आला, त्यानं डहाळ्यांची जुडी मामांसमोर ठेवली, की सगळे आले असं समजायचं. त्यानंतरच कॉफी ओतायची. मामांचा दंडक होता, आणि तो कुणी मोडला नव्हता.

मोडला तो पद्मनाभानं.

त्र्याऐंशी सालच्या पोंगलला वत्सलेचा धाकटा भाऊ हयग्रीव पहिल्यांदा आला. नुकतंच कॉलेज संपलेलं, हौस दांडगी, सायकल मात्र जुनी. पद्मनाभ मागला होता. आणि पद्मनाभाचं कॉफीचं प्रकरण सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. पहिल्या धारेच्या डिकॉक्शनची, ओठ पोळतील अशी कॉफी नसली तर हा माणूस टंबलर ढकलून द्यायचा. सोयऱ्याधायऱ्यांच्या घरीसुद्धा. मागला येईपर्यंत दूध निवतं आणि त्याच्या वाट्याला नेहमी कोमट कॉफी येते, म्हणून तो सकाळपासून तोंड पाडून होता.

त्या दिवशी तो जुडी घेऊन आला तेव्हा वत्सलेनं विचारलं, "हया कोठें?"

"पाय दुखत होता त्याचा. दुधाच्या व्हॅनमधून पुढें गेला बसच्या नाक्याला."

साखळ्या लावलेल्या रस्त्यावर व्हॅन कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. जुडी आली होती. मागल्याचा शब्द म्हणजे शब्द. मामांनी कॉफी ओतली, वत्सलाही प्यायली. तिला ती फार आवडली होती, हेच तिला पुढं विसरता आलं नाही.

बसच्या नाक्यावर हयग्रीव नव्हता, तेव्हा आधीच्या बसनं गेला असेल असं सगळ्यांनी धरलं. तो दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्यांना सापडला. वडाच्या फाट्यावरून डाव्या हाताची रुंद वाट खाली कोरड्या ओढ्यात जाते, तिथल्या वळणावर सायकल घसरून तो दगडांत पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. ते पुढं वाकडंच जुळलं आणि उजवा पाय आखूड झाला. शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, "वडाखालीं डहाळी नव्हती."

वत्सलेनं ती डहाळी स्वतःच्या हातानं टाकली होती. म्हणजे हयग्रीव पोचायच्या आत ती कुणीतरी उचलली, आणि डहाळी उचलणारा माणूस एकच. तिला सगळं लख्ख दिसलं. तिनं घरात आकाशपाताळ एक केलं. पद्मनाभ शपथेवर म्हणाला, की पोरगं स्वतःच व्हॅनचं बोललं, पुढं त्याच्या डोक्यात काय आलं मज काय ठाऊक. लक्ष्मीदेवी आत्या येऊन भावाच्या पायांवर पडली. वडील म्हणाले, "ज्वरांतलं बोलणं तें. घरचं घरांत राहूं दे." कृष्णमूर्तिमामाही म्हणाले, की जुडी तर पुरी होती. वत्सलेनं लग्न मोडलं, कॉफी सोडली आणि मूग गिळून बसली. पण विसरली नाही. दात-ओठ खात माणूस अकरा वर्षं जगू शकतो, तब्येतीला काही होत नाही, हे तिच्याकडे पाहून पटायचं.

त्र्याण्णवच्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, पद्मनाभ केळ्यांचा घड घेऊन घरी आला. हयग्रीव ओसरीवर मुलांची गणिताची शिकवणी घेत होता. पद्मनाभानं त्याच्या पायाकडे न पाहता त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"वत्सला, तुज एक काम सांगायला आलों," तो म्हणाला. "लॉजवर परदेशी येतात. देवळें दोन दिवसांत संपतात. मग विचारतात, आणीक काय? म्हणून मी ती डोंगराखालची वाट काढली. मोटार नाहीं, धूर नाहीं, नुसती सायकल. मद्रासहून पर्यटनाचा मोठा अधिकारी येतो आहे पाहायला. त्याला पसंत पडलं तर सरकारी पत्रकांत छापतील."

"तूं काढलीस?" वत्सला म्हणाली.

"म्हणजे, आपण अस्के जण होतों ना." तो हसला. त्याच्या हातात छापलेला कागद होता. त्यावर त्याचाच फोटो होता, सायकलवर एक पाय ठेवून, आणि खाली लिहिलं होतं की या रस्त्यांचा शोध यांनी लावला. खरं तर पद्मनाभाला त्या रानातला एक फाटा ओळखता आला नसता. जन्मभर तो दुसऱ्यांनी टाकलेल्या डहाळ्या पाहत गेला होता. म्हणून तर केळी घेऊन आला होता.

वत्सलेला वाटलं, घड त्याच्या डोक्यात घालावा. मग तिला त्याहून चांगलं काहीतरी सुचलं, आणि ती इतकी शांत झाली की हयग्रीवानं शिकवणी थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"सरी, चालेल," ती म्हणाली. "मी पुढली होतें. पण तूं मागला. यजमानानं पाहुण्यांच्या मागं असावं. आणि मामा पाहिजेत, हया पाहिजे, चिंचेखालीं कॉफी पाहिजे. सगळं पहिल्यासारखं."

"कॉफी तूं कोठें पितेस?"

"त्या दिवशीं पिईन."

पद्मनाभ खूश झाला. त्याला वाटलं, बाईचा राग निवला. इतकी वर्षं झाली, निवणारच!

पोंगलनंतर ते निघाले. एक परदेशी जोडपं, मद्रासचा अधिकारी, लॉजची दोन माणसं, वत्सला आणि पद्मनाभ. म्हातारे कृष्णमूर्तिमामा आणि हयग्रीव गाडीनं बाहेरच्या रस्त्यानं तळ्याच्या बांधावर गेले. साखळीखालून सायकली सरकवल्या तेव्हा अधिकारी लहान मुलासारखा हसला. मुरूम तसाच होता, तरवड तसाच फुलला होता. वत्सला पुढं निघाली आणि फाट्याफाट्यावर डहाळी टाकत गेली. मागं पद्मनाभ धापा टाकत होता. त्याचं पोट सुटलं होतं, आणि त्यानं टायरमधली हवाही सोडली नव्हती. खड्यांवर त्याची सायकल उडत होती. तिनं ते पाहिलं आणि मुद्दाम सांगितलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा वड आला. तिनं डावीकडच्या रुंद वाटेवर डहाळी टाकली, उजवीकडची अरुंद वाट पाहुण्यांना दाखवली. "आतां फाटा नाहीं," ती अधिकाऱ्याला तमिळमध्ये म्हणाली. "सरळ तळं. मी मागल्यासाठी थांबते." पाहुणे गेले. लॉजची माणसं गेली. खडे चुरडल्याचा आवाज विरला. मग वळणामागून पद्मनाभाची घंटी ऐकू आली. त्याला उगाच घंटी वाजवायची सवय होती, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी.

वत्सलेनं वाकून डहाळी उचलली.

तिला क्षणभरही वाईट वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. पडला तर पडो, मोडला तर मोडो, असंच तिच्या मनात होतं. तिला ते वळण आठवलं, ते दगड आठवले, आणि हयग्रीवाला डोलीतून आणलं तेव्हा त्याच्या ओठांवर चिकटलेली लाल धूळ आठवली. ती सायकलवर बसली आणि उजव्या वाटेनं सुटली.

चिंचेखाली दूध उकळत होतं. हयग्रीव काठी बाजूला ठेवून दगडावर बसला होता, त्याच्यापुढं टंबलर मांडलेले होते. वत्सलेनं डहाळी मामांच्या पुढ्यात ठेवली. बाकीच्या फाट्यांवरच्या डहाळ्या पद्मनाभाकडेच होत्या, हिच्या हातात एकच. मामांचे डोळे आता अधू झाले होते, त्यांना डहाळी दिसली, एक की अनेक ते दिसलं नाही.

"अस्के आले?" त्यांनी विचारलं. "पद्मनाभ कोठें?"

हे वाक्य तिनं महिनाभर घोटून ठेवलं होतं. "पाय दुखत होता त्याचा. दुधाच्या व्हॅनमधून पुढें गेला बसच्या नाक्याला."

मामा मान डोलावून कूज्याकडे वळले. हयग्रीवानं मात्र झटकन मान वर केली. त्यानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या एकट्या डहाळीकडे. मग कूजा स्वतःकडे ओढून त्यानं त्याच्या तोंडावर पंजा ठेवला.

"मागला आला नाहीं," तो म्हणाला.

"डहाळी आली ना, हया," मामा म्हणाले.

"डहाळी आली. मागला आला नाहीं. तो येईतों कॉफी नाहीं."

वत्सलेच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉफी प्यायची, सायकली गाडीवर टाकायच्या आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पद्मनाभानं केलं तेच, जसंच्या तसं. आणि ज्याच्यासाठी करायचं तोच आडवा आला! ती त्याच्याजवळ वाकून कुजबुजली, "तुज त्याचा पुळका कशाला?"

"पुळका नव्हे, अक्का. बस खालीं."

ती बसली. अधिकाऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. परदेशी बाई तळ्यातले बगळे पाहून कंटाळली. लॉजच्या माणसांनी मालकाला हाका मारून पाहिल्या. दूध निवलं, त्याच्यावर साय धरली. हयग्रीवानं मध्येच शांतपणे एका टंबलरमध्ये कॉफी ओतली आणि तो टंबलर बाजूला ठेवून दिला. डोंगर काळा पडायला लागला.

मग पद्मनाभ आला. ओढ्याच्या अंगानं, झुडपांतून, सायकल खांद्यावर. पुढचं चाक वाकून पापडासारखं झालं होतं. पँट गुडघ्यावर फाटली होती, कोपरातून रक्त येत होतं. बगलेत मात्र डहाळ्यांची जुडी होती, ती त्यानं टाकली नव्हती. अधिकाऱ्याला पाहून त्याला सावरता आलं असतं. पण तो संतापानं फुटला होता, आणि संतापला की माणूस घरच्या भाषेत बोलतो.

"वडाखालची डहाळी कोठें?" तो ओरडला. "वडाखालीं डहाळीच नव्हती!"

हयग्रीव काठी टेकून उभा राहिला. "काय म्हणालास, पद्मण्णा? परत सांग."

"वडाखालीं डहाळी नव्हती म्हणून सांगतों! रुंद वाट दिसली, गेलों, तो सरळ ओढ्यांत!"

"ज्वर आला असेल तुज," हयग्रीव म्हणाला. "ज्वरांतलं बोलणं तें."

"ज्वर कसला! माझे डोळे फुटले होते काय? कुणीतरी उचलली ती! मागल्याच्या आधीं डहाळी उचलली तर मागून येणाऱ्यानं मरावं काय? त्याला कसं कळावं..."

तो तिथंच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी ऐकलं असावं. कृष्णमूर्तिमामा हळूहळू उठले. त्यांनी वत्सलेची एकटी डहाळी चाचपून उचलली, ती एकच आहे याची बोटांनी खात्री केली, आणि तिच्याकडे वळले.

"तूं व्हॅन म्हणालीस ना, वत्सला?"

"तीच व्हॅन, मामा," वत्सला म्हणाली. "आपल्या हयाला घेऊन गेली होती तीच."

मामांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षं एकदम उतरली. त्यांनी पद्मनाभाकडे तोंड केलं. "तेव्हां कुणी उचलली, पद्मनाभा?"

पद्मनाभानं अधिकाऱ्याकडे पाहिलं, लॉजच्या माणसांकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मालकाची मान खाली जातेय एवढं दिसायला भाषा लागत नाही. शेवटी त्याची नजर चुलीवरच्या भांड्याकडे गेली.

"त्याची साखळी सारखी उतरत होती," तो म्हणाला. "मज वाटलं, येईल मागोमाग. कॉफी निवत होती, मामा."

एवढंच कारण. वत्सलेनं अकरा वर्षं शंभर कारणं मनात मांडली होती. मत्सर, हुंडा, जुनं भांडण. ह्या माणसानं तिच्या भावाचा पाय एका टंबलरसाठी घालवला होता. तिनं बाजूला ठेवलेला तो टंबलर उचलला. कॉफी गार होती, वर जाडजूड साय होती. तिनं तो पद्मनाभाच्या रक्ताळलेल्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "मागल्याची."

आणि सगळ्यांच्या देखत तो ती प्यायला. सायीसकट.

पुढं काय व्हायचं ते झालं. स्वतः शोधलेल्या रस्त्यावर स्वतःच हरवलेल्या माणसाचं नाव अधिकाऱ्यानं सरकारी पत्रकात घातलं नाही. कृष्णमूर्तिमामा दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीदेवी आत्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात घडलं ते बोलले. त्या आठवड्यात पद्मनाभ देवळात आला की लोक सरकून जागा करून द्यायचे, आणि ती जागा जरा जास्तच मोठी असायची. वत्सला रोज देवळात गेली, मुद्दाम, ती जागा पाहायला. तिला फार बरं वाटलं.

पण डोंगराखालून परतले त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट राहिली. वत्सलेनं माळ्यावरून आपला जुना फिल्टर काढला, घासला आणि डिकॉक्शन लावलं. हयग्रीव ओसरीवरून वास घेत लंगडत आत आला.

"अक्का, एक विचारूं? तो तेथें मेला असता तर?"

"तर मी रडलें नसतें."

"मीही नसतों," तो म्हणाला आणि पाटावर बसला. "पण मग डहाळी नव्हती हें कोण बोललं असतं? मज तें त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून कूज्यावर हात ठेवला."

इतकी वर्षं वत्सलेला वाटत होतं की राग आपल्या एकटीचाच आहे, हा बिचारा निमूटपणे पाढे शिकवतोय. तिनं दोन टंबलर भरले, एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस काढला, आणि एक त्याच्यापुढं सरकवला. तो थांबला होता. मग तिच्या लक्षात आलं की तो तिनं आधी प्यावी म्हणून थांबलाय.

तिनं घोट घेतला. जीभ पोळली. "साखर कमी झाली," ती म्हणाली, आणि सगळा टंबलर संपवला.